डग्ग्याची खोली, सहा मिलिमीटरचा प्लाय आणि बडोद्यातले एक मिस्त्री

खोलीला लाकूड लावलं की बास (खालचा, घुमणारा सूर) भरतो, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं बडोद्यात पैशाला पासरी आहेत. प्लायच्या दुकानात हे ऐकलं, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांनी हेच सांगितलं, आणि आमच्या घरातही जेवताना हाच निकाल लागला होता. मी दिवसा अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी घरी तबल्याचा वर्ग घेते. त्यामुळे या विधानावर माझा आधीपासून राग होता. आता खोलीचं काम होऊन एक पावसाळा आणि एक हिवाळा गेलाय, तेव्हा ज्या मिस्त्रींनी ते केलं त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच हात जोडून नको म्हटलं. हातात आधीच पुष्कळ कामं आहेत म्हणे. पाणीगेटच्या बाजूला त्यांचा छोटा कारखाना आहे, एवढं पुरे.

आधी खोली. तळमजला, सोळा फूट लांब, अकरा फूट रुंद, आणि छतही अकरा फुटांवर. रुंदी आणि उंची सारखी, इथेच सगळं दुखणं आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लाट अडकते आणि ठरावीक कंपनसंख्यांना खोली स्वतःच गायला लागते. अकरा फुटांना पहिली अशी जागा 51 हर्ट्झला येते, दुसरी 102ला. रुंदीचीही 102, उंचीचीही 102. माझा डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या सुराचा) उघडा वाजवला की मोबाइलवर शंभरच्या आसपास दाखवतो. झालं. 'गे' हा डग्ग्याचा बोल दिला की हात उचलल्यावरही खोली दीडेक सेकंद 'गे' म्हणत बसायची. घिस्सा काढला, म्हणजे मनगट दाबत सूर सरकवत नेला, तर मींड वर चढताना मध्येच एका जागी भप्पकन मोठी व्हायची आणि पुढे विरून जायची. मुलांना वाटायचं, मनगटाचा दाब चुकतोय.

त्यातली गंमत अशी की भिंतीला पाठ टेकून बसलेल्या पोराला डग्गा छातीत घुमायचा, आणि तोच पोरगा पावणेतीन फूट पुढे सरकला की त्याला डग्गा जवळजवळ ऐकूच यायचा नाही. 102च्या लाटेचा दाब भिंतीपाशी आणि खोलीच्या मधोमध सगळ्यात जास्त असतो, पाव रुंदीवर शून्य. अकराचा पाव म्हणजे पावणेतीन. वर्गात फळ्यावर शिकवते ते घरी सतरंजीवर बसून ऐकायला मिळत होतं, पण त्याचं कौतुक पहिल्या दिवसापुरतंच.

भिंती विटांच्या, प्लास्टर, वर ऑइल पेंट. खाली कोटा फरशी. अशा भिंती खालच्या सुरातला शेकडा एक-दोन भाग शोषतात, बाकी सगळा परत फेकतात. आवाज विरायला लागणारा वेळ काढायचं साबिन या शास्त्रज्ञाचं सूत्र आहे, त्यात आकडे घातले तर रिकाम्या खोलीत 125 हर्ट्झचा आवाज पूर्ण विरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. तबल्याला एवढा वेळ म्हणजे तिरकिटसारख्या जलद बोलांचा चिखल. पंधरा मुलं येऊन बसली की परिस्थिती आणखी बिघडायची, कारण कपडे आणि माणसं वरचे सूर पितात, खालचे त्या मानानं फार कमी. तबल्याच्या किनारीवर वाजणारा 'ना' मरायचा आणि डग्गा तसाच ठणठणीत.

या अवस्थेत मी आधी एका झकपक शोरूममध्ये गेले. तिथे सध्या सगळीकडे दिसतात तसल्या उभ्या लाकडी पट्ट्यांच्या तक्तपोशा होत्या, मागे काळं नमदं. दिसायला देखण्या, खोटं कशाला बोलू. विक्रेत्या मुलानं सांगितलं, "मॅडम, अकूस्टिक पॅनेल आहे, बास एकदम वॉर्म होईल." मी विचारलं, 125 हर्ट्झला किती शोषतं? त्यानं मला माहितीपत्रक दिलं, त्यात जंगलाचा फोटो होता. सेंटीमीटरभर नमदं भिंतीला चिकटवून 102 हर्ट्झची सव्वातीन मीटरहून लांब लाट थांबत नाही. ते हजारच्या वरचं खातं, म्हणजे नेमकं मला हवं असलेलं: किनार, चाट, तिरकिटची धार. दोन्ही लांब भिंतींचे साधारण 350 चौरस फूट, 260चा भाव, म्हणजे 91 हजार खर्चून खोली आणखी ढब्ब झाली असती. फोमचंही तेच. एक इंची फोम 125ला जेमतेम दहा टक्के घेतो आणि वरचं सगळं गिळून टाकतो.

आता लाकडाबद्दल. जाड सागवान भिंतीला घट्ट ठोकलंत किंवा 18 मिलिमीटरच्या एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीवर) विनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा लावून तो भिंतीला चिकटवलात, तर आवाजाच्या दृष्टीनं ती भिंतच. विनियर सागाचं की अक्रोडाचं, पॉलिश मॅट की चकचकीत, बासला काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो फळी पातळ असेल आणि तिच्या मागे हवा कोंडलेली असेल तेव्हा. फळीचं वजन आणि हवेची स्प्रिंग मिळून एक डोलणारी जोडी तयार होते. तिच्या स्वतःच्या कंपनसंख्येचा सूर आला की फळी हलते, त्या हलण्यात ऊर्जा खर्ची पडते, आणि तेवढा बास खोलीत परत येत नाही. म्हणजे पातळ लाकूड बास भरत नाही, खातं. नऊ-दहा मिलिमीटरच्या प्लायच्या तक्तपोशीचे छापील आकडे बघा: 125 हर्ट्झला 28 टक्के शोषण, 500ला 17, हजारला 9. वरचे सूर ती बहुतेक सगळे परत देते. तबल्याला हेच हवं. डग्गा आवरला पाहिजे आणि 'ना' चमकत राहिला पाहिजे.

जगातल्या नावाजलेल्या सभागृहांचं उदाहरण देऊन "तिथे सगळं लाकूड असतं" म्हणणाऱ्यांनी एकदा नीट बघावं. ज्या साबिनचं सूत्र वर वापरलं त्याच्याच सल्ल्यानं बांधलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलच्या (1900) भिंती बहुतांशी प्लास्टरच्या आहेत. तिथे बास राहतो, कारण तो खाणारं पातळ लाकूड भिंतींवर फारसं नाही. आणि आपल्या जुन्या वाड्यांचे दिवाणखाने? कडीपाटाचं छत दिसतं लाकडाचं, पण त्या पाटांवर मातीचा जाड थर असतो. ते पातळ लाकूड नव्हेच. शिवाय तिथे गाद्या, लोड, उघडे झरोके. आवाज चांगला लागतो तो या सगळ्या गोतावळ्यामुळे, आणि श्रेय एकटं सागवान घेऊन जातं.

मिस्त्रींकडे मी आकडे घेऊनच गेले. सूत्र सोपं आहे: फळीचं दर चौरस मीटर वजन किलोत, गुणिले मागच्या हवेची खोली मीटरमध्ये, त्याचं वर्गमूळ, आणि 60ला त्यानं भागायचं. 6 मिलिमीटर प्लाय साधारण 4 किलो भरतो. मागे 9 सेंटीमीटर हवा ठेवली तर 4 गुणिले 0.09 म्हणजे 0.36, वर्गमूळ 0.6, उत्तर बरोब्बर 100 हर्ट्झ. माझा डग्गा. मिस्त्रींनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बेन, एटले पेटी बनाववानी छे ने? हवा भागे तो काम नकामुं." (म्हणजे पेटीच करायची ना? हवा निसटली तर काम फुकट.) त्याच क्षणी मी काम त्यांना द्यायचं ठरवलं. शोरूमला जे कळलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पेटी हवाबंद नसेल तर आतली हवा फटीतून ये-जा करते, स्प्रिंग राहत नाही आणि सगळं गणित पाण्यात.

प्लाय घेताना मात्र मी मागे लागले. बाजारात सहाचा म्हणून मिळतो तो सहाचा असतोच असं नाही. आमच्या गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याचा आकड्याचा काटा मागून घेतला आणि दुकानातच आठ बाय चारची शीट दोरीला बांधून टांगली. पहिल्या दुकानातली दहा किलो भरली. आठ बाय चार म्हणजे जवळजवळ तीन चौरस मीटर, तेव्हा मीटरला सव्वातीनच्या थोडं वर, आणि कंपनसंख्या 109च्या घरात. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, मिस्त्री दुसरीकडे. दुसऱ्या दुकानातली शीट बारा किलोची निघाली, ती घेतली. तिथल्या मालकानं विचारलं, "बेन, भंगारमां आपवानी छे?"

चौकटी पाइनच्या केल्या. कांडल्याला जहाजानं उतरणारं लाकूड इकडे स्वस्त पडतं आणि सरळ मिळतं. साडेतीन इंची रिपा उभ्या केल्या, मधल्या आडव्या रिपा मुद्दाम कमी ठेवल्या, कारण फळीला हलायला जागा लागते. इथे मिस्त्रींशी माझा वाद झाला. त्यांच्या हाताला सवय अशी की दर फुटावर आधार, वर फेविकॉल, वर स्क्रू, म्हणजे शंभर वर्षं हलणार नाही. मला हलायलाच हवी होती. शेवटी कडेनं फेविकॉल आणि स्क्रू, मध्ये काही नाही, यावर तह झाला. चौकट भिंतीला लागते तिथे फोमची पट्टी, आणि पट्टीच्या वर सगळीकडून सिलिकॉन. पेटीच्या आत पन्नास मिलिमीटरचं 48 घनतेचं रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर). ते भिंतीला टेकवून तारेनं धरलं, प्लायला न चिकटता. चिकटलं तर फळी गुदमरते. मध्ये बोटभर जागा राहिली का, हे मिस्त्रींनी प्रत्येक पेटीत स्वतःचं बोट घालून बघितलं. त्यासाठी त्यांना पाच तारे.

अशा सहा पेट्या, दोन लांब भिंतींवर तीन-तीन. छतावर लावल्या नाहीत. उंचीचाही 102 आहेच, पण जमिनीवर बसणाऱ्याचा कान साधारण अडीच-पावणेतीन फुटांवर असतो, म्हणजे त्या लाटेच्या शून्यावर. उभं राहून तबला कोण ऐकतो? 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या गल्लीतही आलं होतं, म्हणून पेट्या जमिनीपासून दीड फूट वर सुरू होतात. बासला त्यानं फार बिघडत नाही, आणि कपाटात ठेवलेल्या बिलांची आठवण असलेल्या माणसाला झोप लागते.

परिणाम. 'गे' आता अर्ध्या सेकंदाच्या आत विरतो. घिस्सा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रेषेत जातो, मधला फुगवटा गेला. भिंतीला टेकलेला पोरगा आणि पावणेतीन फुटांवरचा पोरगा यांच्यातला फरक शून्य झाला नाही, पण आता तो सांगितल्याशिवाय कळत नाही. किनार जशीच्या तशी. उलट डग्ग्याचं शेपूट गेल्यामुळे कायद्यातलं (तबल्याच्या बांधीव रचनेतलं) प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं, आणि त्याचा एक तोटा असा की मुलांच्या चुकाही सुट्या ऐकू येतात. दोन पालकांनी "पूर्वी जास्त छान वाजायचं" अशी तक्रार केली. त्यांना मी काही बोलले नाही.

एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती, ती बोनस मिळाली. शेजारच्या वहिनी आठवड्यातून दोनदा इथे रियाजाला येतात. त्यांच्याबरोबर गाणारे सर काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी 'सा' धरून गातात. म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाचा मूळ सूर 69 हर्ट्झ, आणि खोलीच्या सोळा फूट लांबीची दुसरी लाट 70ला. आधी या दोघांचं भांडण असायचं, खर्ज कधी लागायचा, कधी हरवायचा. पेट्या शंभरला लावल्यात, तरी आत रॉकवूल असल्यामुळे त्यांचा पट्टा रुंद झालाय आणि सत्तरलाही थोडं काम होतं. "थोडं" हाच खरा शब्द. त्या आखूड भिंतींवर वेगळ्या पेट्या लागतील, त्या पुढच्या वर्षी.

आता मिस्त्रींच्या उण्या बाजू. बैठक म्हणून आठ इंच उंचीचा लाकडी ओटा त्यांनीच करून दिला, 18 मिलिमीटरच्या प्लायचा, आतून पोकळ. त्यावर डग्गा ठेवून पहिली थाप मारली आणि ओटाच ढोलासारखा बोलला. भिंतींवर जो बास खायचा होता तोच पायाखाली पिकत होता. मी आधी सांगितलं होतं की आत कोरडी वाळू भरायची आहे. त्यांनी "बेन, वजन बहु थई जशे" म्हणून परस्पर गाळली होती. वरची फळी काढून वाळू भरली, पुन्हा ठोकली, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांनी मागितली नाही. चूक मानतात, ही चांगली गोष्ट. पण आधी ऐकतील तर बरं. दुसरं, एका पेटीचा एक स्क्रू ढिला राहिला होता आणि द्रुत लयीत 'धिरधिर' वाजवलं की तो किरकिरायचा. शोधायला संध्याकाळ गेली. त्यांना फोन केला तर त्यांचा पोरगा आला आणि पेचकस घेऊन दोन मिनिटांत बसवून गेला. तिसरं म्हणजे वेळ. सांगितलेली तारीख आणि खरी तारीख यांच्यात नवरात्र येऊन गेलं. गरब्याच्या नऊ रात्री बडोद्यात कुठलाही सुतार मिळत नाही, हे मी समजू शकते. पण त्याआधीचा आठवडा कुठे गेला, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

पेट्यांचा खर्च साहित्य, पॉलिश, मजुरी धरून 41 हजार झाला, ओट्याचा 14. नुसत्या पेट्या धरल्या तर शोरूमच्या पट्ट्यांच्या निम्म्याच्याही खाली, आणि काम करणारी गोष्ट.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण दोन जणांनी विचारलं. यानं आवाज बाहेर जायचा थांबत नाही. शोषण वेगळं, अडवणं वेगळं. समोरच्या घरात तबला पूर्वीइतकाच ऐकू जातो, आणि मैदानावरच्या गरब्याचा बास आमच्या खोलीत पूर्वीइतकाच येतो. त्याला जाड, जड भिंत लागते आणि फटी बंद लागतात. सहा मिलिमीटरच्या प्लायकडून ती अपेक्षा करू नका.

मिस्त्रींकडे जाणार असाल तर नुसतं "अकूस्टिक करून द्या" म्हणू नका. ते कुठलीही चौकट उत्तम करतील, पण आकडे तुमचे तुम्हीच न्यायचे. आधी खोली मोजा, कुठला सूर फुगतोय ते मोबाइलवर बघा, आणि वरच्या सूत्रातून प्लायची जाडी आणि हवेची खोली काढा. होम थिएटरवाल्यांचा त्रास बहुधा पन्नासच्या आसपास असतो. त्यांना 6 मिलिमीटर पुरत नाही. 12चा प्लाय आणि मागे 17 सेंटीमीटर हवा धरा, म्हणजे लहान खोलीत भिंत अर्ध्या फुटाहून जास्त आत येणार, ते आधी घरच्यांना सांगा. काम झाल्यावर तपासायला वाद्य लागत नाही. फळीच्या मधोमध बोटाच्या पेरानं ठोका. 'टक' आलं तर ती भिंत आहे, पैसे देऊ नका. खोल 'ढब' आलं आणि लगेच थांबलं, तर पेटी बसली. आणि आगाऊ रक्कम देताना वाळूचं लेखी लिहून घ्या.